नस पूर्ण उघडली, मग मेंदूत खड्डा का दिसतो?

प्रश्न असा आला आहे: "बाबा ६४ वर्षांचे. रात्री साडेदहाला नीट झोपले, पहाटे पाचला उठले तेव्हा उजवा हात-पाय गेलेला आणि तोंडातून शब्द नाही. साताऱ्याहून पुण्याला नेलं. आधी एमआरआय झाला, मग इंजेक्शन, मग जांघेतून नळी घालून मेंदूतली गुठळी काढली. ‘नस पूर्ण उघडली’ असं डॉक्टर म्हणाले. त्याच दुपारच्या सीटीत ‘रक्तस्राव की कॉन्ट्रास्ट?’ असं लिहून आलं. चौथ्या दिवशीच्या एमआरआयमध्ये ‘अक्यूट इन्फार्क्ट, सूज’. अठराव्या दिवशी बाथरूममध्ये पडले म्हणून सीटी केला, त्यात जवळजवळ काहीच नाही. आता चार महिन्यांनी एमआरआय केला तर ‘एन्सेफॅलोमलेशिया, ग्लायोसिस, वॉलेरियन डीजनरेशन’. बाबा काठीशिवाय चालतात, बोलणं बरंच परत आलंय, उजव्या हाताची बोटं मात्र पूर्ण उघडत नाहीत. मेंदू भरून येतोय की झिजत चाललाय? परत एमआरआय कधी करायचा? आणि स्टेम सेल करावं का?"

तुमचे पाचही रिपोर्ट बरोबर आहेत आणि ते एकमेकांना खोटंही पाडत नाहीत. गोंधळ झाला तो त्यांच्यावरच्या तारखा कुणी तुम्हाला समजावून सांगितल्या नाहीत म्हणून. मी गेली वीसेक वर्षं मेंदूचे सीटी आणि एमआरआय वाचते आहे. रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक थेट शेवटच्या ‘इम्प्रेशन’वर जातात. मी त्यांना आधी वरची तारीख बघायला लावते आणि पक्षाघाताच्या झटक्यापासून तो कितवा दिवस आहे ते कोपऱ्यात लिहायला सांगते. गुठळीमुळे आलेल्या पक्षाघातात तोच एक डाग चार तासांनी, चार दिवसांनी, अठरा दिवसांनी आणि चार महिन्यांनी निरनिराळा दिसतो, आणि दर वेळी त्याचा अर्थ बदललेला असतो. दिवस माहीत नसेल तर मलाही तो डाग नीट वाचता येणार नाही.

सुरुवात सकाळच्या पहिल्या एमआरआयपासून करू, कारण बाबांच्या बाबतीत सगळ्यात मोठा निर्णय त्या चित्रावर झाला.

मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त मिळत असतं. मोठ्या नसेत गुठळी अडकली की पुढच्या भागात सगळीकडे हा पुरवठा सारखाच तुटत नाही. जिथे तो १० च्या खाली जातो तिथल्या पेशी काही मिनिटांत मरायला लागतात, हा गाभा. त्याच्याभोवती १० ते २० च्या दरम्यान रक्त मिळणारा एक पट्टा असतो, शेजारच्या नसांच्या उसन्या रक्तावर तग धरलेला. इथल्या पेशींनी काम थांबवलेलं असतं, पण त्या जिवंत असतात. ॲस्ट्रप, सिस्यो आणि सायमन यांच्या १९८१ च्या लेखानंतर या पट्ट्याला ‘पेनम्ब्रा’ म्हणायची रीत पडली. शब्द ग्रहणातला आहे, आणि मराठीत त्याला उपच्छाया हा अगदी नेमका शब्द आहे. छायाकल्प चंद्रग्रहणात चंद्र उपच्छायेतून जातो तेव्हा तो मंदावतो, पण झाकला जात नाही. मेंदूतल्या त्या पट्ट्याचंही तसंच असतं. फरक एवढाच की वेळेत रक्त पोचलं नाही तर हा पट्टा हळूहळू गाभ्यात जमा होतो.

बाबांचा हात, पाय आणि वाचा गेली ती गाभा आणि उपच्छाया दोन्ही बंद पडल्यामुळे. इंजेक्शन आणि नळी, दोन्हींची सगळी धडपड फक्त उपच्छायेसाठी असते. मेलेला गाभा कोणत्याही उपचाराने परत येत नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या दोन वाक्यांत आहे.

आता झोपेतल्या झटक्याची अडचण. साडेदहा ते पाच यांच्यामध्ये गुठळी नेमकी कधी अडकली हे बाबा सांगू शकत नव्हते, आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साधारण साडेचार तासांची मर्यादा आहे. अशा वेळी एमआरआयच घड्याळाचं काम करतो. ‘डिफ्यूजन’ हा त्याचा एक भाग पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजतो. पेशीची ऊर्जा संपली की सोडियम बाहेर टाकणारे पंप बंद पडतात, पाणी पेशीत शिरतं, पेशी फुगते आणि पाण्याची मोकळी हालचाल अडते; तो भाग चित्रात पांढरा चमकतो. १९९० मध्ये मोझली आणि सहकाऱ्यांनी मांजरांवरच्या प्रयोगात दाखवलं की बाकीच्या चित्रांत काही दिसायच्या आधीच डिफ्यूजनमध्ये हा बदल दिसतो. दुसऱ्या भागाला ‘फ्लेअर’ म्हणतात. त्यात डाग उमटायला काही तास लागतात. म्हणून डिफ्यूजनमध्ये डाग आहे आणि फ्लेअरमध्ये अजून नाही, तर झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला. या आधारावर इंजेक्शन द्यावं का, हे ‘वेक-अप’ नावाच्या युरोपातल्या अभ्यासात तपासलं गेलं. २०१८ च्या निकालात इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ५३ टक्के लोक तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत होते, न मिळालेल्यांपैकी ४२ टक्के. बाबांना इंजेक्शन मिळालं त्याअर्थी त्यांच्या चित्रातही हाच फरक दिसला असणार. पहाटे उठल्या उठल्या तुम्ही ‘थोडं बरं वाटतं का बघू’ म्हणत सकाळ घालवली नाहीत, याचं श्रेय तुमचं आहे.

एका मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात, हा आकडा तुम्ही कुठेतरी वाचला असेल. तो २००६ सालचा, मोठी नस बंद झालेल्या झटक्यासाठी काढलेला सरासरी आकडा आहे. प्रत्यक्षात एखाद्याची उपच्छाया दोन तासांत संपते आणि एखाद्याची पंधरा तास टिकते. उसनं रक्त किती चांगलं मिळतंय त्यावर ते अवलंबून. म्हणूनच २०१८ पासून, चित्रात वाचवण्याजोगा भाग दिसला तर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत गुठळी काढतात. पण हे रुग्ण चित्र बघून निवडलेले असतात. चोवीस तास आहेत म्हणून घरी थांबणारा माणूस त्यांत बसत नाही.

तुम्हाला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न यापुढचा आहे: नस पूर्ण उघडली, तर मग डाग कशाला राहिला?

नस उघडणं आणि मेंदू वाचणं या दोन घटना आहेत. गुठळी काढल्यावर अँजिओग्राफीत रक्त कितपत पुढे गेलं त्याला ० ते ३ अशी श्रेणी देतात, आणि ‘पूर्ण उघडली’ म्हणजे ३. ही श्रेणी नळांची आहे, शेताची नाही. पाणी सुरू झालं तेव्हा पीक किती वाळलं होतं ते तिच्यात कळत नाही. २०१५ मध्ये आलेल्या पाच मोठ्या अभ्यासांचं एकत्र विश्लेषण २०१६ मध्ये झालं, एकूण १२८७ रुग्णांचं. त्यात गुठळी काढलेल्यांपैकी ७१ टक्क्यांची नस चांगली उघडली होती, पण तीन महिन्यांनी स्वतःचं सगळं स्वतः करू शकणारे होते ४६ टक्के. गुठळी न काढलेल्या गटात ते प्रमाण २६.५ टक्के होतं. म्हणजे उपचार जबरदस्त आहे, आणि तरी ७१ आणि ४६ मधली दरी शिल्लक आहेच.

या दरीचं बाबांच्या बाबतीतलं मुख्य कारण तुमच्या एमआरआयमध्येच लिहिलंय. डाग ‘लेंटिफॉर्म न्यूक्लियस आणि इंटर्नल कॅप्सूल’मध्ये, म्हणजे मेंदूच्या खोल भागात आहे, वरच्या सालीत, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, फारसा नाही. मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीच्या बुंध्यातून केसासारख्या बारीक नसा सरळ वर खोल भागात जातात. त्यांना शेजार नाही. बुंधा बंद झाला की उसनं रक्त देणारं कुणीच नसतं. सालीला मात्र पुढच्या आणि मागच्या धमन्यांकडून पृष्ठभागावरून रक्त मिळत राहतं. त्यामुळे वेळेत गुठळी निघालेल्या असंख्य रुग्णांत मी हेच चित्र पाहते: खोल भाग गेलेला, भोवतालची साल वाचलेली. उजवा हात-पाय डावा मेंदू चालवतो, आणि बहुतेकांच्या डाव्या सालीतच भाषेची केंद्रं असतात. बाबांचं बोलणं परत येतंय ते त्यामुळे. गुठळी निघाली नसती तर डाग कुठवर पसरला असता याचा अंदाज सकाळच्या पहिल्या एमआरआयवरून येतो, आणि तो तुम्ही तुमच्या न्यूरोलॉजिस्टना एकदा मुद्दाम दाखवायला सांगा. वाचलेला भाग नंतरच्या कुठल्याच रिपोर्टमध्ये लिहिलेला नसतो. आम्ही गेलेल्याचं वर्णन करतो, राहिलेल्याचं नाही, आणि ही आमच्या रिपोर्टची उणीव आहे असं मला मनापासून वाटतं.

दुसरं कारण अजून पूर्ण उलगडलेलं नाही. मोठी नस उघडली तरी पुढच्या केशवाहिन्या बंदच राहू शकतात. १९६८ मध्ये एम्स आणि सहकाऱ्यांनी सशांच्या मेंदूत हे दाखवलं होतं. केशवाहिन्यांना मिठी मारून बसलेल्या पेशी आवळल्या जातात, आत सूक्ष्म गुठळ्या आणि पांढऱ्या पेशी अडकतात, भोवतालची सूज बाहेरून दाबते. नस उघडल्यावर तिथेच थोडं औषध सोडून पाहावं, असा एक छोटा स्पॅनिश अभ्यास २०२२ मध्ये आला आणि त्यात फायदा दिसला. त्यानंतरच्या अभ्यासांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. आज नेहमीच्या उपचारात ते धरत नाहीत.

दुपारच्या सीटीतला पांढरा डाग. सीटीत ताजं रक्त पांढरं दिसतं आणि अँजिओग्राफीत वापरलेलं आयोडीनचं औषध, म्हणजे कॉन्ट्रास्ट, तेही पांढरंच दिसतं. मेंदूच्या केशवाहिन्यांना एक घट्ट अस्तर असतं. रक्त तुटलेल्या भागात ते अस्तर विरतं आणि आयोडीन बाहेर झिरपतं, आणि नेमकं याच खोल भागात हे जास्त होतं. आयोडीन असेल तर डाग एक-दोन दिवसांत विरून जातो, रक्त असेल तर टिकतो. काही ठिकाणी दोन निराळ्या ऊर्जांवर चालणारा सीटी असतो, त्यात दोन्ही लगेच वेगळे करता येतात. तुमच्या रेडिओलॉजिस्टनी प्रश्नचिन्ह घातलं ते प्रामाणिकपणे घातलं. मी कामाला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका डागाला ठामपणे रक्तस्राव म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी डाग विरला, पण रुग्णाचं गुठळी रोखणारं औषध विनाकारण लांबलं. तेव्हापासून मीही प्रश्नचिन्ह घालायला लाजत नाही. इंजेक्शननंतर चोवीस तासांनी पुन्हा चित्र काढून मगच ॲस्पिरिनसारखी औषधं सुरू करतात ते याचसाठी. खरा रक्तस्राव हा या इंजेक्शनचा ज्ञात धोका आहे. १९९५ च्या ज्या अमेरिकन अभ्यासाने हे इंजेक्शन रूढ केलं, त्यात ६.४ टक्के रुग्णांत लक्षणं वाढवणारा रक्तस्राव झाला होता आणि इंजेक्शन न दिलेल्यांत ०.६ टक्के. बाबांचा डाग चौथ्या दिवशी रक्त म्हणून नोंदलेला नाही, त्यामुळे तो विषय संपला.

चौथ्या दिवशीच्या एमआरआयमधलं ‘अक्यूट इन्फार्क्ट’ म्हणजे रक्ताअभावी नुकताच मेलेला भाग. सूज होती, कारण तिसरा ते पाचवा हे सुजेचे दिवसच असतात. त्या चित्रात डाग असतो त्याहून मोठा दिसतो. मेंदूची मधली रेष सरकल्याचा उल्लेख नाही, म्हणजे सूज आटोक्यात होती. (सूज फार वाढली तर कवटीचं हाड तात्पुरतं काढावं लागतं. ते बाबांना लागलं नाही, म्हणून त्यात शिरत नाही.)

‘डिफ्यूजनमध्ये पांढरं म्हणजे मेलेलंच का?’ हे मला नातेवाईकांइतकंच तरुण डॉक्टरही विचारतात. नेहमी नाही. लॉस एंजेलिसच्या गटाने २००० साली दाखवलं की रक्त लवकर परत आलं तर डिफ्यूजनमधला डाग काही अंशी मावळू शकतो. ते पाहून सगळ्यांना आनंद झाला. पण त्याच गटाने पुढे हेही नोंदवलं की मावळलेल्या डागाचा काही भाग आठवड्याभरात पुन्हा उमटतो. पेशीने श्वास घेतला खरा, पण ती वाचली नाही. म्हणून नस उघडल्यावर तासाभरात काढलेल्या चित्रावर मी फार विसंबत नाही. चोवीस तासांनंतरचं चित्र अंतिम हानीच्या बरंच जवळ जातं. आणि उलट बाजूची गोष्टही आहे. एमआरआयमध्ये अगदी सामान्य दिसणाऱ्या, वाचलेल्या उपच्छायेतही काही चेतापेशी तुरळक मरतात आणि आधार देणाऱ्या पेशी राहतात. वाड्याच्या भिंती उभ्या, पण काही खोल्यांत माणसं नाहीत. साध्या एमआरआयला हे दिसत नाही. केंब्रिजच्या ज्यां-क्लोद बारों यांनी पेट स्कॅनने, म्हणजे किरणोत्सारी खूण टोचून पेशींचं काम दाखवणाऱ्या तपासणीने, हे बराच काळ अभ्यासलं आहे. चित्र चांगलं असूनही रुग्ण लवकर थकतो, गर्दीत गोंधळतो, हिशेबात चुकतो, तेव्हा मला याची आठवण होते. घरच्यांनी त्याला आळस समजू नये.

अठराव्या दिवसाच्या सीटीने तुम्हाला सगळ्यात जास्त आशा दिली असेल, आणि तिथेच सगळ्यात सावध राहायला हवं होतं. याला आम्ही ‘फॉगिंग’ म्हणतो, धुकं पडणं. १९७९ मध्ये बेकर आणि सहकाऱ्यांनी या नावाने त्याचं वर्णन केलं. सूज ओसरलेली असते, मेलेलं ऊतक उचलून नेणाऱ्या भक्षक पेशी तिथे भरलेल्या असतात, नव्या बारीक केशवाहिन्या फुटत असतात. या सगळ्यांची बेरीज अशी होते की सीटीत त्या भागाची करडी छटा शेजारच्या निरोगी मेंदूशी तंतोतंत जुळते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे होतं. घाटात धुकं उतरलं की दरी दिसत नाही, तसं. तो सीटी पडल्यानंतर नवा रक्तस्राव नाही ना, हे बघण्यासाठी होता आणि ते काम त्याने चोख केलं. मेंदू भरून आला का, हे त्या दिवशी सीटीला विचारण्यात अर्थ नव्हता.

म्हणून चार महिन्यांनी ‘खड्डा’ दिसला तेव्हा तुम्हाला वाटलं की मधल्या काळात काहीतरी बिघडलं. तसं काही झालेलं नाही. पहिल्या दिवशी जे मेलं, तेच साफ होऊन गेलं. हाड जुळतं, कातडी भरते. मेंदूत मेलेला भाग भरून येत नाही, तो विरघळतो, उचलला जातो आणि त्या जागी मेंदूजल भरतं. एन्सेफॅलोमलेशिया म्हणजे मेंदूचा तेवढा भाग मऊ पडून विरणं. ग्लायोसिस म्हणजे त्या पोकळीच्या कडेला आधारपेशींनी धरलेला व्रण. शेजारची पोकळी, व्हेन्ट्रिकल, थोडी मोठी दिसते कारण मोकळ्या झालेल्या जागेकडे ती ओढली जाते. हे शब्द कानाला भयंकर लागतात, पण ते सगळे ‘जुनं, स्थिरावलेलं’ या अर्थाचे आहेत. झिजत चाललाय असा अर्थ त्यांतून निघत नाही.

वॉलेरियन डीजनरेशनबद्दल जरा थांबून सांगते, कारण बाबांच्या बोटांचा धागा तिथे आहे. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून पाहिलं की कापलेल्या जागेच्या पुढचा तंतू पार टोकापर्यंत विरत जातो. हाताला हुकूम नेणारे तंतू सालीतून निघतात, इंटर्नल कॅप्सूलच्या अरुंद खिंडीतून एकत्र जातात आणि खाली मज्जारज्जूत उतरतात. बाबांचा डाग त्या खिंडीच्या काठावर आहे. तिथे जितके तंतू तुटले, तितक्यांचा खालचा भाग पुढच्या आठवड्यांत विरला, आणि तो आता मेंदूच्या देठात एक बारीक पांढरी रेघ होऊन दिसतोय. ही नवी इजा नव्हे. जुन्याच इजेची लांब सावली. पण रेघ आहे म्हणजे काही तंतू कायमचे गेले, हेही खरं, आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही.

मग बाबा सुधारतायत कसे? एक तर उपच्छाया जागी झाली, ते पहिल्या काही दिवसांतलं. दुसरं, इजेपासून दूरचे, तिच्याशी जोडलेले निरोगी भागही धक्क्याने मंदावतात. फॉन मोनाकोव्ह यांनी १९१४ मध्ये याला ‘डायास्किसिस’ म्हटलं. एका बाजूचा मोठा मेंदू दुखावला की विरुद्ध बाजूच्या लहान मेंदूचा रक्तपुरवठा घटलेला पेट स्कॅनमध्ये दिसतो, लहान मेंदूला काहीही झालेलं नसताना. हा धक्का काही रुग्णांत आठवड्यांनी ओसरतो. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: उरलेलं जाळं नवीन जोडण्या करतं. हात हलवताना फंक्शनल एमआरआय काढला तर सुरुवातीला दोन्ही बाजूंचा मेंदू पेटलेला दिसतो, आणि चांगली सुधारणा होणाऱ्यांत हळूहळू काम पुन्हा मूळ बाजूकडे एकवटतं. या जोडण्यांचा सर्वात भराचा काळ पहिले तीन महिने. त्यानंतर वेग मंदावतो, दार बंद होत नाही.

आता एक कबुली, जी चित्रं वाचणाऱ्या माणसाने द्यायलाच हवी. हात किती सुधारेल हे सांगण्यात एमआरआय फार पुढे नाही. नेदरलँड्समधल्या २०१० च्या अभ्यासात झटक्यानंतर पहिल्या बहात्तर तासांत ज्यांना बोटं थोडी तरी उघडता येत होती आणि खांदा बाजूला थोडा उचलता येत होता, त्यांच्यापैकी ९८ टक्क्यांना सहा महिन्यांनी हाताचं काही ना काही कसब परत येण्याची शक्यता निघाली. ज्यांना दोन्ही जमत नव्हतं त्यांना २५ टक्के. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या कॅथी स्टिनिअर यांच्या गटाने हाताच्या अंदाजाची एक पायरी-पायरीची पद्धत बनवली. २०१२ च्या पहिल्या रूपात एमआरआयने तंतू मोजायची पायरी होती. २०१७ च्या सुधारित रूपात ती गळली, कारण खांदा-बोटांची ताकद, वय, डोक्यावर चुंबकीय लहर देऊन हाताचा स्नायू प्रतिसाद देतो का ही तपासणी, आणि झटक्याची तीव्रता एवढ्यावर काम भागत होतं. पलंगाशेजारी उभं राहून दोन मिनिटांत होणारी तपासणी कोट्यवधींच्या यंत्राला भारी पडते. बाबांची बोटं ‘पूर्ण उघडत नाहीत’ असं तुम्ही लिहिता, म्हणजे थोडी उघडतात. त्या ‘थोडी’ला मी तुमच्या सगळ्या रिपोर्टपेक्षा जास्त किंमत देते.

स्टेम सेलबद्दल स्पष्ट सांगते: पैसे घेऊन कुणी देत असेल तर घेऊ नका. आपल्याच देशात पाच केंद्रांवर १२० रुग्णांमध्ये, त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून देऊन, त्या कुणाला द्यायच्या ते नीट चिठ्ठ्या टाकून ठरवून, अभ्यास झाला. २०१४ च्या त्या निकालात धोका दिसला नाही, पण फायदाही दिसला नाही. संशोधनाचा भाग म्हणून, फी न घेता, लेखी संमतीने चालणाऱ्या चाचण्या ही वेगळी गोष्ट. सिटिकोलीनच्या गोळ्या आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर असतात. २०१२ मध्ये सुमारे २३०० रुग्णांच्या अभ्यासात तिचा उपयोग दिसला नाही. ब्रिटनमध्ये तीन हजारांहून जास्त रुग्णांत फ्लुओक्सेटीन हे नैराश्यावरचं औषध देऊन पाहिलं. हात-पाय सुधारले नाहीत, हाडं मोडण्याचं प्रमाण थोडं वाढलं. नैराश्य असेल तर ते औषध त्यासाठी जरूर घ्यावं, आणि झटक्यानंतर नैराश्य फार येतं, ते विचारायला विसरू नका. कुठलीही चालू गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. यादी घेऊन जा आणि प्रत्येकीचं कारण विचारा. रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची आणि गुठळी रोखणारी औषधं या यादीत सगळ्यात वरची. गुठळी कुठून आली, मानेच्या धमनीतून की हृदयाच्या अनियमित ठोक्यांतून, याचं उत्तर फाइलमध्ये सापडलं नाही तर ते शोधणं पुढच्या एमआरआयपेक्षा फार तातडीचं आहे. गुठळी हृदयातून आली असेल तर रक्त पातळ करणारं औषध वेगळं लागतं.

व्यायामाबद्दल दोनच गोष्टी. पहिल्या चोवीस तासांत जोरात उभं करून चालवणं फायद्याचं नाही, हे २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. तो काळ तुमचा गेला. आता चार महिन्यांनंतर उलट, ‘जमेल तेवढं’ कमी पडतं. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या मेंदूविकारांच्या हॉस्पिटलात झटक्यानंतर वर्ष-दीड वर्ष उलटलेल्या लोकांकडून तीन आठवड्यांत ९० तास हाताचं काम करून घेतात, आणि हात सुधारल्याच्या नोंदी आहेत. तिथे तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून मी त्याला पक्का पुरावा म्हणत नाही, पण आठवड्यातून तीनदा अर्धा तास फिजिओ आणि ९० तास यांतला फरक लक्षात घ्या. फिजिओथेरपिस्टला बाबांच्या रोजच्या कामांवर बेतलेला क्रम मागा: भाकरीचा तुकडा मोडणं, लेंग्याची नाडी, पेल्याभोवती बोटं उघडून धरणं आणि सोडणं. सोडणं अवघड असतं, त्यावर जास्त वेळ द्या. बोलण्यासाठी स्पीच थेरपी चालू ठेवा. बाबा आरती किंवा पाढे न अडखळता म्हणतील आणि तरीही ‘मीठ दे’ म्हणताना अडतील. पाठ झालेलं वेगळ्या वाटेने येतं. तेव्हा अडलेला शब्द लगेच पुरवू नका, दहा सेकंद थांबा.

आणि एमआरआय. ठरावीक महिन्यांनी ‘मेंदू किती भरला’ बघायला तो करू नका, कारण तो खड्डा भरणार नाही आणि दर वेळी तुम्हाला तीच धास्ती देईल. नवं काही घडलं तर मात्र करा: अचानक तोंड वाकडं होणं, बोलणं पुन्हा जाणं, फिट येणं, दोन-चार दिवसांत चालणं ढासळणं, कधी नव्हे ती तीव्र डोकेदुखी. त्यातलं अचानक येणारं काहीही झालं तर आधी तडक हॉस्पिटल, रिपोर्टची फाइल मागून येईल. आत्ताच्या एमआरआयची सीडी मात्र जपून ठेवा. नवा डाग जुन्यापासून वेगळा ओळखायला ती माझ्यासारख्याला फार उपयोगी पडते.

सुधारणा मोजायची असेल तर महिन्याच्या एक तारखेला, त्याच खुर्चीत, त्याच स्टीलच्या पेल्याने मोबाइलवर व्हिडिओ काढा. पेला उजव्या हाताने उचलायचा, एक घोट प्यायचा, खाली ठेवायचा, बोटं सोडवायची. किती सेकंद लागले ते वहीत लिहा आणि पुढच्या तपासणीला ती वही घेऊन जा.